प्राणहितेच्या काठी एक फलक हवा, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गोदावरी-प्राणहिता जलमार्गाच्या पहिल्या पाहणीचा इतिहास सांगणारे फलक सिरोंचा व देवलमरी येथे रस्त्याकडेला उभारण्याबाबत.

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात गोदावरी कुठे आहे असे विचारले की त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड अशी नावे येतात आणि तिथेच संपतात. नदी तेलंगणात शिरली म्हणजे आपल्याकडून गेलीच, असे बहुतेकांच्या मनात बसले आहे. पण ती पुन्हा आपल्याकडे येते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याजवळ प्राणहिता तिला मिळते. पुढे सोमनूरला इंद्रावती मिळते. या दोन संगमांच्या मधला गोदावरीचा डावा काठ महाराष्ट्राचा आहे. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर इकडचे पावसाचे पाणी शेवटी आमच्या गावांवरून वाहत जाते. जिल्ह्याचे ठिकाण आमच्यापासून सुमारे २०० किलोमीटर दूर. मी याच तालुक्यात शिक्षक म्हणून नोकरी केली, इथेच निवृत्त झालो आणि इथेच राहतो.

आपल्याकडे मागणे एवढेच आहे की या काठाचा एक मोठा इतिहास रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशा दोन दगडी फलकांवर कोरला जावा.

इतिहास असा. इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८४७ ते १८५२ या काळात बांधला. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश त्याने हिरवा केला, आणि त्याच्या कालव्यांतून नावाही चालू लागल्या. कॉटन तेवढ्यावर थांबणारे नव्हते. हीच नदी वरपर्यंत नौकांसाठी मोकळी केली तर वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरवून थेट समुद्रापर्यंत पाण्यानेच नेता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्या काळी मध्य हिंदुस्थानातला कापूस किनाऱ्यावर पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. पावसाने गाठले की माल वाटेतच भिजे.

नदी खरोखर चालण्याजोगी आहे का, हे आधी पाहायला हवे होते. ती पाहणी मद्रास इंजिनिअर्सचे अधिकारी फेलिक्स थॅकरे हेग यांनी केली, आणि गोदावरी नौकानयनायोग्य आहे का यावरचा त्यांचा अहवाल १८५६ मध्ये मद्रासला छापला गेला. खालून वर येताना नदी तीन ठिकाणी अडते, हे या पाहणीचे सार. पहिला अडथळा दुम्मागुडेमला. दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या खाली, इंचमपल्लीजवळ. तिसरा प्राणहितेवर, अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळून वर. या तिन्ही ठिकाणी पात्रात मैलोन्मैल खडक पसरलेला आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून उसळते आणि उन्हाळ्यात त्याच्या फटींतून झिरपते. मधले पट्टे मात्र खोल आणि शांत. पाऊस सुरू झाल्यापासून हिवाळा सरेपर्यंत तिथे नाव चालू शकते.

उपाय कागदावर सोपा होता. प्रत्येक अडथळ्याच्या माथ्याला बंधारा घालायचा, काठाने बगल देणारा कालवा खणायचा, कालव्यात दोन्ही टोकांना दरवाजे असलेली, पाण्याची पातळी वर-खाली करता येणारी टाकी (‘लॉक’) बांधून नाव पायरीपायरीने वर चढवायची किंवा खाली उतरवायची, आणि मधल्या खोल पाण्यात आगबोटी चालवायच्या. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि विदर्भाच्या कापसाला एकाएकी विलायतेत मोल आले. आमच्या नदीकडे एरवी कोणी फिरकले नसते. त्या चार वर्षांत मात्र मोठमोठ्या साहेबांचे नकाशे तिच्यावर पसरले.

मंत्रिमहोदय, या पाहणीने फक्त नदीच मोजली असे नाही, तिने आमचा तालुका घडवला. १८६० पूर्वी सिरोंचा आणि खालचे तालुके निजामाच्या मुलुखात होते. त्या वर्षीच्या कराराने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांकडे आला आणि नदीवरून जाणाऱ्या मालावरची जकात उठली. जलमार्ग एकाच सरकारच्या हातात असावा हा त्यामागचा उघड हेतू होता. मग ‘अप्पर गोदावरी’ नावाचा नवा जिल्हा झाला, आणि त्याचे मुख्य ठिकाण सिरोंचा ठरले. होय, आज जिथे तालुक्याची साधी कामे करून घ्यायलाही माणसाला दिवस घालवावा लागतो, ते सिरोंचा एका काळी जिल्ह्याचे गाव होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला, खालचे तालुके मद्रासकडे गेले आणि सिरोंचा चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडले गेले. चांद्यातून १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. सिरोंचा आज महाराष्ट्रात आहे याचे मूळ शोधत गेले तर ते या फसलेल्या जलमार्गापाशी येऊन थांबते. एवढी मोठी गोष्ट, आणि तालुक्यात तिची एक ओळही कुठे लिहिलेली नाही.

खूण म्हणून राहिले ते एक गावाचे नाव. त्या जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड यांच्या नावाने वसलेला ग्लासफोर्डपेठा सिरोंच्याजवळ आजही आहे. त्या गावची मुले माझ्या वर्गात होती. हे नाव कुठून आले, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्या घरच्यांनाही नव्हते. त्यांचा काय दोष? सांगणारे काही आजूबाजूला असायला नको का?

आता तुम्ही म्हणाल, किंवा आपल्या खात्यातले कोणी म्हणेल, की इंग्रज इंजिनिअरांची स्मारके आपण का उभारायची? हा प्रश्न योग्य आहे, आणि मी त्याला बगल देणार नाही.

हेग यांच्या अहवालानंतर दोनच वर्षांनी याच प्राणहितेच्या काठावर रक्त सांडले. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध गोंड आणि माडिया माणसे उभी केली. एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडीला, नदीकाठी तळ देऊन राहिलेल्या तार खात्याच्या माणसांवर हल्ला झाला आणि त्यात गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिली. नदी मोजणारे, तार टाकणारे आणि जंगलाची मोजदाद करणारे हात एकाच सत्तेचे होते, हे इथल्या माणसाला तेव्हाच कळले होते. म्हणून मी जो फलक मागतो आहे त्यावर हेग यांचे नाव असेल तर त्याच फलकावर १८५८ चे सालही असले पाहिजे. एक सांगून दुसरे लपवणारा फलक उभारायचा असेल तर तो उभारूच नये.

आणि नाव फक्त साहेबाचेच का असावे? ज्या नदीची पाहणी झाली तिच्या एकेका खडकाची ओळख इथल्या ढिवर आणि बेस्ता या मासेमार समाजांना होती. कोणत्या महिन्यात कोणत्या धारेने डोंगा घालावा, कुठे भोवरा आहे, कुठे उतरून दोरीने नाव ओढावी लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आलापल्ली आणि अहेरीच्या जंगलातला साग ओंडक्यांचे तराफे बांधून याच पाण्यावरून किनाऱ्याकडे जात होता. तो नेणारे नावाडी नसते तर कोणताही परका अधिकारी या पात्रातून एकटा वर आलाच नसता. नंतर कामे निघाली तेव्हा दगड फोडणारे, चुना भाजणारे, कालवे खणणारे मजूर तापाने आजारी पडत. त्या जंगलात थंडीतापाची साथ हा कामाचा कायमचा शत्रू होता. अहवालात इंजिनिअरांची नावे आहेत. या माणसांची नावे मला कुठल्याही छापील कागदात सापडलेली नाहीत. नागपूरच्या पुराभिलेखात, हजेरीपटांत किंवा पगारपत्रकांत ती असू शकतात. ते काम माझ्यासारख्या माणसाच्या आवाक्यातले नाही, पण आपल्या खात्याच्या आवाक्यात नक्की आहे. एक जरी नावाडी नावानिशी सापडला तरी त्याचे नाव फलकावर सर्वांत वर यायला हवे.

अशा फलकांची रीत जगात नवी नाही. आमच्या गोदावरीवर कामे चालू होती त्याच काळात, २४ मे १८६९ रोजी, अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावाहून कोलोरॅडो नदीच्या शोधाला निघाले. ते जिथून निघाले ते बेट आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मला त्याहून जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. प्रवासाच्या शेवटाकडे तिघे जण होड्या सोडून दरीतून वर चढून गेले आणि परत कधीच दिसले नाहीत. ते जिथून वेगळे झाले तिथेही त्यांच्या नावाची पाटी आहे. ज्यांचा प्रवास अर्धवट राहिला त्यांनाही त्या लोकांनी विसरू दिलेले नाही.

आमचाही जलमार्ग अर्धवटच राहिला. दुम्मागुडेमला बंधारा झाला, तो आज तेलंगणात उभा आहे. वरच्या दोन अडथळ्यांची कामे मात्र पूर्ण झालीच नाहीत. अमेरिकेतले युद्ध १८६५ ला संपले, कापसाचा भाव खाली आला, आणि १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या व्यापाऱ्याने आगबोटीची वाट कशाला पाहावी? शेवटी लाखो रुपये खर्चून झाल्यावर १८७१ मध्ये सरकारने योजना सोडून दिली. वऱ्हाडचा कापूस पूर्वेच्या समुद्राकडे गेलाच नाही, तो पश्चिमेला मुंबईकडे वळला. विदर्भाचे तोंड मुंबईकडे का फिरले, याचे उत्तर आगगाडीच्या रुळांइतकेच देवलमरीच्या खडकांतही आहे. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट आली असती तर मी ती किती आवडीने शिकवली असती!

ही हकीकत आता जुनी झाली असे मला वाटत नाही. गोदावरी पाणी तंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यात इंचमपल्ली धरणाचे नाव आहे, आणि नद्या जोडण्याच्या चर्चेत ते अजूनही निघते. म्हणजे दुसऱ्या अडथळ्याची जागा आजही नकाशांवर तशीच आहे. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात २३ ऑगस्ट २०१६ रोजी करार झाला. त्यानंतर आमच्या पोचमपल्लीसमोर मेडिगड्डा बंधारा झाला, त्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले, आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याचे खांब खचले. मधल्या काळात मागे साठलेल्या पाण्याने सिरोंचा तालुक्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. जुलै २०२२ च्या पुरात गावेच्या गावे हलवावी लागली. मोबदल्यासाठी लोक उपोषणाला बसले. या पत्रात मी त्या मागण्या मांडत नाही, त्या वेगळ्या खात्यांच्या आहेत. पण दीडशे वर्षे याच पात्रावर दूरच्या कोणाच्या तरी गरजेसाठी योजना आखल्या जात आहेत, आणि काठावरच्या माणसाला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच असे घडते आहे असे वाटते, कारण आधीचे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. पहिल्या योजनेची हकीकत रस्त्याकडेला कोरलेली असेल, तर पुढच्या योजनेच्या जनसुनावणीत माणूस थोडा जास्त माहितीने बोलेल.

आता जागेविषयी. गेल्या दहा-बारा वर्षांत सिरोंच्याच्या आसपास गोदावरी, प्राणहिता आणि इंद्रावती या तिन्ही नद्यांवर पूल झाले. पूर्वी जिथे डोंग्याची वाट पाहत काठावर बसावे लागे तिथून आता वाहने मिनिटांत पार होतात. कालेश्वरला दर्शनाला जाणारे, छत्तीसगढकडे जाणारे, सोमनूरचा संगम बघायला येणारे, वडधमचे जीवाश्म बघायला येणारे अभ्यासक, सगळे याच रस्त्याने जातात. एप्रिल २०२२ च्या प्राणहिता पुष्कराला सिरोंच्याच्या घाटांवर किती माणूस आला होता हे आपल्या सरकारने पाहिलेच आहे. म्हणून पहिला फलक सिरोंच्याच्या बाजूला, गोदावरीच्या पुलावर चढण्याआधी, गाडी थांबवता येईल अशा मोकळ्या जागी असावा. दुसरा देवलमरीला, जिथे तिसरा अडथळा सुरू होतो आणि माणसाला खडक डोळ्यांनी दिसतो. फलक वाचून मान वळवली की समोर तेच पात्र, हे चित्र दुसऱ्या कोणत्या माध्यमाने तयार होईल?

कृपया फलक पत्र्याचे नसावेत. आमच्याकडचे पत्र्याचे फलक दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि त्यांवरचे रंग त्याही आधी उडतात. दगडावर खोल कोरलेली अक्षरे हवीत. चौथरा २०२२ च्या पुराच्या खुणेपेक्षा उंच हवा. भाषा एक असून भागणार नाही. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अहेरीकडे माडिया आणि गोंडी. म्हणून मराठीसोबत तेलुगू आणि गोंडी-माडिया मजकूर हवा, आणि तो इथल्याच जाणत्या माणसांकडून लिहून घ्यावा. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, त्यांचे विद्यार्थी नावाड्यांच्या जुन्या घरांत जाऊन आठवणी गोळा करू शकतात. दर्शनिका विभागाने तारखा तपासून द्याव्यात. मान्यवरांची नावे आणि उद्घाटनाचा दिनांक फलकावर नसावा, ही विनंती मी हात जोडून करतो. इतिहासाला जागा आधीच थोडी मिळणार आहे.

मजकूर कसा असावा याचा एक खर्डा मी खाली देत आहे. तो सुधारावा, कमी-जास्त करावा, पण त्यातला खरेपणा कमी करू नये.

“या पात्रातून नावा चालतील का, हे पाहण्यासाठी १८५० च्या दशकात गोदावरी आणि प्राणहितेची पाहणी झाली. मद्रास इंजिनिअर्सचे फेलिक्स थॅकरे हेग यांनी तिचा अहवाल १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना वाट दाखवली ती पिढ्यान्‌पिढ्या या नदीवर डोंगे चालवणाऱ्या नावाड्यांनी. विदर्भाचा कापूस समुद्राकडे नेण्यासाठी तीन ठिकाणच्या खडकांना बगल देणारे बंधारे आणि कालवे आखले गेले. याच काठावर १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रज सत्तेविरुद्ध लढा दिला. जलमार्गासाठी १८६० मध्ये हा काठ निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि सिरोंचा हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. रेल्वे आल्यावर १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. त्या कामांवर राबलेल्या आणि आजारी पडलेल्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.”

शेवटचे वाक्य, नावे सापडली तर आनंदाने बदलावे.

खर्चाविषयी बोलतो. आमच्या तालुक्याला दवाखान्यात डॉक्टर हवेत, रस्ते हवेत, पावसाळ्यात न तुटणारी वीज हवी, आणि या गोष्टी फलकाच्या आधी हव्यात हे मला कोणी सांगायला नको. पण दोन कोरीव दगडांचा खर्च त्या कामांच्या आड येईल इतका नसतो. आणि आमच्या तालुक्याविषयी बाहेर जे बोलले जाते ते बहुतेक वेळा बंदुकांविषयी, मागासपणाविषयी आणि दूर अंतराविषयी असते. आमच्या मुलांनी आपल्या गावाबद्दल दुसरेही काही ऐकावे, असे मला मनापासून वाटते. गोदावरीच्या खालच्या काठाला, आंध्रात, कॉटन साहेबांचे पुतळे गावोगावी आहेत आणि धवळेश्वरमला त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथल्या शेतकऱ्याला त्या बंधाऱ्याने भात दिला, म्हणून त्याने कृतज्ञता ठेवली. आम्हाला त्या योजनेने भात दिला नाही. म्हणून पुतळा मी मागत नाही. घडले ते घडले तसे लिहिलेले मागतो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आपल्या पुरातत्त्व संचालनालयाचे अधिकारी पाहणीला पाठवायचे झाले तर एप्रिल किंवा मे महिन्यात पाठवावेत. तेव्हा प्राणहितेचे पाणी ओसरलेले असते, देवलमरीचा खडक उघडा पडतो आणि पात्रात पायी उतरता येते. जूनच्या मध्यानंतर तिथे फक्त पाणी दिसेल. ऊन फार असते, म्हणून सकाळी सहाला निघावे. काठावरची वाट दाखवायला इथले नावाडी तयार आहेत, आणि अहवालांतून मी उतरवून घेतलेली टिपणेही अधिकाऱ्यांच्या हाती देईन. तहसील कार्यालयामार्फत दोन दिवस आधी निरोप मिळाला तरी पुरे.

आपला विश्वासू,
सिरोंचा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक